स्पर्श-प्रोबची जोडणी (सीएनसी राउटर)

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या लहान सीएनसी राउटरवर बिटाच्या टोकाची उंची ठरवण्यासाठी स्पर्श-प्रोब वापरतात. साध्या प्रकारात ठाऊक असलेल्या जाडीची धातूची पट्टी लाकडावर ठेवून बिटाला क्लिप लावतात. बिट पट्टीला टेकताच विद्युत परिपथ पूर्ण होतो आणि 'जी ३८.२' ही आज्ञा पाळणारे यंत्र तेथेच थांबते.

या रचनेतील दोष असा, की तुटलेली तार आणि अद्याप न झालेला स्पर्श यांतील फरक यंत्राला कळत नाही. क्लिप सुटली असल्यास बिट खाली येतच राहते आणि बहुधा मोडते. म्हणून प्रत्येक वेळी पट्टी हाताने बिटाला टेकवून संकेत मिळतो का, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते. क्लिप स्पिंडलच्या अंगाला न लावता थेट बिटाला लावावी. बेअरिंगमधील वंगणामुळे तेथील संपर्क बेभरवशाचा असतो. अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग तर विद्युतरोधकच असतो.

याउलट, स्पर्श नसतानाच यंत्र थांबत असेल, तर तारेत शिरणारा विद्युत गोंगाट हे त्याचे सामान्य कारण होय. आर्डुइनो उनोमधील अंतर्गत पुल-अप रोध २० ते ५० किलो-ओहम, म्हणजे बराच दुर्बळ असतो. शील्डेड केबल वापरून तिचे कवच एकाच टोकाला भूसंपर्कित करणे, ती मोटारीच्या तारांपासून दूर नेणे आणि बोर्डाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडणे, हे त्यावरील नेहमीचे उपाय आहेत.

स्पर्श होताच उघडणारा, एरवी बंद परिपथाचा प्रोब अधिक सुरक्षित असतो. त्याची तार तुटल्यास यंत्र खाली न जाता थांबते.