दोन एमबीचे पैलवान

लॅपटॉप सुरू केला, दात घासून झाले, चहा झाला, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंच आहे. तुमच्याकडे असं होत असेल तर हे वाचा. होत नसेल, तुम्ही सोळा जीबी रॅमवाले असाल, तर अभिनंदन. पण शेजारच्या रूममध्ये चार जीबीवाला एक तरी असेलच, त्याला हे पान फाडून द्या.

कळंब्यात रूम करून राहणारी पोरं-पोरी भरपूर. कुणी आयटीआयला, कुणी इंजिनीअरिंगला, कुणी स्पर्धा परीक्षांच्या नादात. लॅपटॉप बहुतेकांचा वारशाने आलेला. आधी दादाचा, मग ताईचा, आता तुमचा. त्यात भर म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे दादाचा लॅपटॉप बाद. नवा घ्यायचा तर घरी विषय काढायची सोय नाही, ऊसबिल यायचंय.

दुकानात नेलात तर एसएसडी टाका म्हणतील. बरोबरच म्हणतील. जुन्या लॅपटॉपला त्याहून चांगलं टॉनिक नाही, पैसे साठतील तसे ते कराच. पण तोवर काय? तोवर मशिनवरचं ओझं कमी करायचं. आपण नुसती पीडीएफ वाचायला शेकडो एमबीचं सॉफ्टवेअर बसवतो, ते आपल्यासोबत दोन-तीन मदतनीस आणतं, आणि ते मदतनीस लॅपटॉप उघडल्यापासून मागे रॅम खात बसतात.

त्याऐवजी सुमात्रा पीडीएफ टाकून बघा. क्रिस्टोफ कोवालचिक नावाच्या प्रोग्रॅमरने २००६ मध्ये आणलेला हा वाचक क्लिक केल्याबरोबर उघडतो. आकार मोजक्या एमबींचा, आणि पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवरूनही चालते. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगी नसते तिथे हे फार कामाला येतं. कुठल्या पानावर थांबला होतात ते लक्षात ठेवतो, ई-पबही वाचतो. फॉर्म भरणं किंवा डिजिटल सही हे मात्र त्याचं काम नव्हे. त्यासाठी तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

दुसरा गडी म्हणजे एव्हरीथिंग. नाव असं की गुगलवर शोधताना वैताग येतो, पण काम एकदम खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. विंडोजच्या नेहमीच्या सर्चमध्ये ‘प्रोजेक्ट फायनल’ टाकून आपण वाट बघत बसतो. एव्हरीथिंगमध्ये दोन अक्षरं टाइप होईपर्यंत यादी समोर. कारण साधं आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइलपद्धत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात ठेवते. एव्हरीथिंग फोल्डर उघडत हिंडत नाही, थेट तो तक्ता वाचतं. तलाठ्याच्या रजिस्टरात नाव बघायचं सोडून गावात घरोघरी कोण फिरेल? फक्त ते नावावरून शोधतं, फाइलच्या आतल्या मजकुरावरून शोधायला ते बनलेलं नाही. तेव्हा फाइलला ‘न्यू डॉक्युमेंट ७’ असं नाव देणाऱ्यांचं ते तरी काय भलं करणार.

आता इरफानव्ह्यू. स्कॉलरशिपचा किंवा परीक्षेचा फॉर्म भरताना ‘फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत’ हे वाचून घाम फुटलेले हात वर करा. मग आपण कुठल्यातरी अनोळखी साइटवर आपला फोटो, सही, कधीकधी आधारसुद्धा चढवतो. का म्हणून? बोस्नियाच्या इरफान श्किल्यान याने १९९६ मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम ते काम इंटरनेटशिवाय करतो. फोटो उघडा, कंट्रोल आणि आर दाबा, लांबी-रुंदी कमी करा, जेपीजी म्हणून सेव्ह करताना क्वालिटीचा आकडा थोडा खाली आणा. झालं. शंभर फोटो एका दमात करायचे तर बॅच कन्व्हर्जनही आहे. एक मात्र लक्षात ठेवा, घरी आणि शिक्षणासाठी तो फुकट आहे, धंद्यासाठी नाही. तुमचं फोटो स्टुडिओचं दुकान असेल तर लायसन्स घ्यावं लागतं.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरू. फ्रीवेअर म्हणजे वापरायला फुकट, पण आतला कोड मालकाकडे. ओपन सोर्स म्हणजे कोडही उघडा, कुणीही वाचावा, बदलावा. इरफानव्ह्यू आणि एव्हरीथिंग पहिल्या गटातले, सुमात्रा दुसऱ्या. आणि विनरार? ते दोन्हीत नाही. चाळीस दिवसांच्या ट्रायलवर चालतं, आणि ते चाळीस दिवस आपल्याकडे वर्षानुवर्षं संपत नाहीत. इगोर पाव्हलोव्हचं सेव्हन-झिप १९९९ पासून आहे, ओपन सोर्स आहे, दीड-दोन एमबीचं आहे आणि रारच्या फाइल्सही उघडतं. ते स्वतःहून अपडेट होत नाही, एवढी त्याची खोड. अधूनमधून आपणच नवी आवृत्ती टाकायची.

एवढं सगळं फुकट आणि कायदेशीर मिळत असताना अजून पेनड्राइव्हवरून ‘फुल व्हर्जन’ का फिरतं, हे मला समजत नाही. क्रॅक चालवायच्या आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि आपण ती निमूट पाळतो! स्टॉप ऊर्फ डीजेव्हीयू नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर असंच क्रॅक आणि की-जनरेटरमधून पसरत आलंय. ते कंपन्यांच्या मागे लागत नाही, तुमच्या-आमच्यासारख्या घरगुती मशिनच्या मागे लागतं. सगळ्या फाइल्स कुलूपबंद करून चिठ्ठी ठेवतं, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर ४९०. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात असा अडकला तर काय होईल, विचार करा. ४९० डॉलरमध्ये एक बरा लॅपटॉप येतो.

फुकटातही सगळं शुद्ध नसतं, हेही सांगायला हवं. मशिन ‘साफ’ करणारं सीक्लीनर कितीतरी जणांचं लाडकं. सप्टेंबर २०१७ मध्ये उघड झालं की त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकर्सनी घुसखोरी केली होती आणि ती वीस लाखांहून जास्त मशिनवर पोचली होती. माझं मत विचाराल तर क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर या नावाचं काहीच टाकू नका. रजिस्ट्री साफ करून लॅपटॉप पळायला लागत नाही. डिस्क भरली असेल तर विनडिरस्टॅट टाका, जागा कुणी खाल्ली ते रंगीत चौकोनांत दिसतं. बहुतेक वेळा डाउनलोड फोल्डरमधले तीनदा उतरवलेले पिक्चर निघतात.

आणि सुरू व्हायला वेळ लागत असेल तर ऑटोरन्स. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी सिसइंटर्नल्स नावाने विंडोजची पोटातली तपासणी करणारी हत्यारं बनवली आणि फुकट वाटली. याच रुसिनोविचने २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये गुपचूप लपणारं सॉफ्टवेअर टाकतात हे पकडलं होतं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनीच विकत घेतली. साधने आजही त्यांच्या साइटवर मोफत आहेत. ऑटोरन्समध्ये आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडा, मग ‘लॉगऑन’च्या यादीत जे ओळखीचं आणि नको असलेलं आहे त्याची फक्त टिक काढा. डिलीट करू नका. ओळखता येत नसेल तर हातच लावू नका, उगाच हिरोगिरी नको.

व्हीएलसीबद्दल वेगळं सांगायला नको, ते सगळ्यांकडे आहे. पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात १९९६ मध्ये पोरांचा प्रोजेक्ट म्हणून ते सुरू झालं. २०२२ मध्ये आपल्या देशात त्याची वेबसाइटच ब्लॉक झाली होती. प्लेअर चालत होता, साइट उघडत नव्हती. व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. अशा काळात धोका असतो तो भलत्या साइटवरून उतरवण्याचा. एरवीही तोच असतो. गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली लिंक असते ती सोडा, पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. पानावर हिरवं ढब्बं ‘डाउनलोड’ बटण दिसलं तर बहुधा ती जाहिरात असते. खरं बटण कोपऱ्यात बारीक असतं. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका, मध्येच एखादा टूलबार टिक करून बसलेला असतो.

मराठी टायपिंगसाठी आता बहुतेकांना काहीच उतरवावं लागत नाही. एकेकाळी ओंकार जोशींच्या ‘गमभन’ने मराठी संकेतस्थळांवर कितीतरी लोकांना लिहितं केलं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडली की इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटतं. सोबत मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट घ्या, प्रोजेक्ट रिपोर्ट नीटनेटका दिसतो.

आणि आज रात्री एवढं कराच. प्रोजेक्टच्या फोल्डरवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपने एक फाइल बनवा, पासवर्ड द्या, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ड्राइव्हवर ठेवा. पासवर्ड वहीत लिहा. तो विसरलात तर त्यात एईएस-२५६ वापरलेलं असतं, कुणाच्या बापाला उघडणार नाही. विषय हार्ड!