रांगेबाहेरचे

सकाळी 7. आज कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा. मोशी ओलांडून चाकणकडे गाडी सरकते तोवर अध्यक्षांचं भाषण फोनवर पुन्हा वाचते. कंपनी सेक्रेटरीची सभेची सकाळ अशीच जाते.

8. गेटवरचा सुरक्षारक्षक बारा तासांची रात्रपाळी संपवून निघालाय. "मॅडम, आज मीटिंग ना? आमच्या बोनसचं काही निघेल का?" त्याचा पगार ठेकेदार देतो. आजच्या विषयपत्रिकेत तो कुठेच नाही.

9:30. संभाव्य प्रश्नांची उजळणी. एमडींच्या पगाराचा प्रश्न येणारच. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार संचालकांचं एकूण मानधन साधारणपणे निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांच्या आत हवं. जास्त द्यायचं तर सभेत भागधारकांची मंजुरी. शिवाय प्रत्येक संचालकाच्या पगाराचं मध्यक पगाराशी गुणोत्तर छापावं लागतं. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि मधल्याचा पगार धरायचा. पण रांगेत फक्त कंपनीच्या रोलवरचे. गेट, कँटीन, साफसफाई ठेक्यावर गेली की रांगेचं खालचं टोकच कापलं जातं, मधला माणूस वर सरकतो आणि गुणोत्तर सभ्य दिसू लागतं.

11. सभा ऑनलाइन. कोरम पूर्ण. पहिले तीन भागधारक अहवालाच्या मुखपृष्ठाचं कौतुक करून लाभांश वाढवायला सांगतात. चौथे सांगलीचे निवृत्त शिक्षक. "एमडींना एवढी वाढ, मग कामगारांना का नाही?" अध्यक्षांचं उत्तर मीच लिहून दिलंय: बाजारातल्या तुलनीय कंपन्यांइतकंच मानधन आहे. प्रत्येक संचालक मंडळाला आपला माणूस सरासरीच्या वरचाच वाटतो, म्हणून सरासरी दरवर्षी चढते. हे अर्थात लिहून दिलेलं नाही.

दुपारी 1:30. जेवताना एचआरवाले इन्फोसिसचा विषय काढतात. 2017 मध्ये सहसंस्थापक नारायण मूर्तींनी तेव्हाचे सीओओ प्रवीण राव यांच्या पगारवाढीवर जाहीर नाराजी दाखवली होती. 2024-25 मध्ये त्याच कंपनीच्या सीईओंचं मानधन 80 कोटींवर गेलं. "त्यात मोठा वाटा शेअर्सचा," एचआरवाले म्हणतात. खरंय. पण शेअर चढवायला जे राबतात, त्यांतल्या कितींना शेअर मिळतात?

4. स्क्रुटिनायझर मतं मोजतात. इथे माणशी नव्हे, शेअरमागे मत. प्रवर्तकांनाही स्वतःच्या मानधनावर मत देता येतं. तरी ठराव पडू शकतो. 2021 मध्ये आयशर मोटर्समध्ये एमडी सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीच्या विशेष ठरावाला लागणारी 75 टक्के मतं मिळाली नाहीत. मंडळाला मानधनाची मर्यादा खाली आणावी लागली. आमचा ठराव मात्र आरामात मंजूर.

6. निकाल शेअर बाजारांच्या पोर्टलवर चढवला. आता एमडींना एक मेल. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवालात कायम नसलेल्या कामगारांची संख्या आणि त्यांना किमान वेतन मिळतं का, हे द्यावंच लागतं. म्हणजे माहिती आमच्याच अहवालात आहे, फक्त गुणोत्तरापासून बरीच पानं लांब. 'पुढच्या वर्षी दोन्ही तक्ते एकाच पानावर घ्यावेत,' असं सुचवलं.

6:40. एमडींचं उत्तर: "कायद्यानं बंधनकारक आहे का?"

नाही, असं कळवलं. आणि खाली लिहिलं: सांगलीचे गुरुजी पुढच्या वर्षीही विचारणार आहेत, तेव्हाचं उत्तर मला खरं लिहायचंय.