पक्ष्यांच्या दाण्यांचा जमाखर्च

भुसार बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलण्यापूर्वी नाना पेठ व भवानी पेठेतील पेढ्यांवर धान्याची पोती तोंडे उघडून मांडलेली असत. त्यांच्या काठावर चिमण्या येऊन बसत, दाणे टिपत आणि माणूस जवळ आला की तुळईवर जाऊन बसत. त्यांनी नेलेले धान्य कोणी दानखाती लिहीत नसे; ते घटतुटीत जाई. वाड्यांतही तेच. वर्षाचे धान्य भरले की बायका चौकात बसून ते पाखडत, निवडत. कणी, किडका दाणा आणि फोलपट सुपातून अंगणात पडे आणि चिमण्यांच्या पोटात जाई. त्यासाठी वेगळा खर्च कोणी केला नाही आणि पुण्य केले असेही कोणाला वाटले नाही.

आता धान्य निवडून, पिशवीबंद होऊन घरी येते. निवडण उरत नाही. कौलारू वाड्यांच्या जागी सपाट भिंतींच्या इमारती आल्याने वळचणीही गेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालाने चिमणीची संख्या देशभरात साधारणपणे स्थिर असल्याचे, परंतु मोठ्या महानगरांत ती घटल्याचे नोंदवले. म्हणजे चिमणी नाहीशी झालेली नाही. ती आपल्या दारातून गेली आहे. ती परत यावी असे वाटत असेल, तर फार पैसा लागत नाही. मात्र जो पैसा लागतो तो कोठे जातो, हे पाहावे लागते.

बँकेत असताना मंजूर केलेले कर्ज ज्या कारणासाठी दिले त्याच कारणासाठी वापरले गेले की नाही, याची तपासणी आम्हांला करावी लागे. चौकात रिकाम्या होणाऱ्या पोत्याला हीच कसोटी लावून पाहावी. मोठे कबूतर दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खाते. ५० किलोचे एक पोते म्हणजे सुमारे १,६०० कबुतरांचे एका दिवसाचे अन्न. दुसऱ्या दिवशी दुसरे पोते हवे. कबूतर एका वेळी दोन अंडी घालते आणि आयते अन्न मिळाल्यास वर्षातून अनेकदा पिले वाढवते. त्यामुळे मागणी वाढतच राहते. त्या गर्दीत चिमणी उतरत नाही. तिचे सगळे वजनच २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे कबुतराच्या एका दिवसाच्या दाण्याएवढे!

या विषयावर २०२५ साली मुंबईत काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ऑगस्टमध्ये जमावाने ती ताडपत्री काढली, आणि उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याचा प्रश्न गंभीर मानला. पुणे महानगरपालिकाही सार्वजनिक जागी कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांना दंड करते. अनेकांच्या भावना दुखावल्या, हे मी समजू शकतो. पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे. दमेकरी वृद्ध ज्या घरात आहेत, त्या घराच्या गॅलरीखाली रोज पोते ओतणे याला जीवदया म्हणणे मला कठीण वाटते. त्या घरातही जीवच राहतात.

मग अल्प खर्चात काय करता येईल? प्रथम पाणी. पुण्याच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, पक्ष्याला दाण्याहून पाण्याची गरज अधिक असते, आणि बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंपी असे दाण्याकडे फारसे न वळणारे पक्षीही पाण्यावर येतात. कसब्यातील कुंभारवाड्यात मिळणारे मातीचे पसरट परळ पुरते. पाणी दोन इंचांहून खोल नको; मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. पाणी रोज ओतून, परळ घासून नवे भरावे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आज पाणी बदलले तर उद्या अळ्या मारण्याची वेळ येत नाही. आपल्याकडे ज्याला जयणा म्हणतात ती हीच.

दाणे त्यानंतर, आणि तेही मोजून. सकाळी दोन लहान मुठी, साधारण ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. बाजरीचा किरकोळ भाव किलोला ४० रुपये धरला तर खर्च ६० रुपये. बाजरी, तांदळाची कणी आणि भोगीच्या सुमारास दुकानांत दिसणारे राळे, हे चिमण्यांना व मुनियांना पेलणारे दाणे. दुकानातले मातेरे फुकट मिळते म्हणून आणू नये. त्यात बुरशी असते, आणि जे आपण खाणार नाही ते पक्ष्यालाही बाधते. फरसाण, गाठिया, मिठाचे काहीही नको. कबुतरांना अटकाव करण्यासाठी बोहरी आळीत दीड इंच चौकोनाची तारेची जाळी घ्यावी, तिचा लहान पिंजरा करून दाण्यांच्या ताटलीवर पालथा घालावा आणि बांधून टाकावा. चिमणी आत शिरते, कबूतर बाहेर राहते. सूर्यास्तापूर्वी उरलेले दाणे उचलावेत, नाहीतर रात्री उंदीर येतात. पक्ष्यांना चौविहार शिकवावा लागत नाही. ताटलीला मात्र तो पाळायला लावावा लागतो.

दाण्यांवर चिमणीची पिलेही वाढत नाहीत. पहिले काही दिवस त्यांना किडे-अळ्याच लागतात. म्हणून कुंड्यांवर औषध न फवारणे हीसुद्धा पक्ष्यांची सोय आहे. ती आपल्या घरांत समजावून सांगावी लागू नये. सोसायटीच्या आवारात कढीपत्त्याचे झाड वाढू दिले तर त्याची काळी फळे बुलबुल व कोकीळ खातात. जास्वंद आणि कर्दळीवर सूर्यपक्षी येतात. कोपऱ्यातले गवत बी धरेपर्यंत कापले नाही तर मुनिया येतात, आणि माळ्याची एक फेरीही वाचते. उंबर असेल तर तांबट आपोआप येतो. पावसाळ्यात दाणे भिजून कुजतात; तेव्हा ताटली आत घ्यावी, कारण बाहेर अन्न मुबलक असते.

संघांच्या जीवदया खात्यातून पोत्यांसाठी रक्कम जाते, तेथेही विचार व्हावा. चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास, ऊन कडक होऊ लागते. एका पोत्याचे १,५०० रुपये आणि एका परळाचे १०० रुपये धरले, तर एका पोत्यात पंधरा घरांना परळ देता येतात. मात्र तो देताना रोज पाणी बदलण्याचा नियम घेणाऱ्यांची नावे आधी लिहून घ्यावीत, आणि गावाला जाताना ते काम शेजाऱ्याकडे सोपवायचे, हेही तेव्हाच ठरवावे.