गिटारवर नाव कुणाचं, हात कुणाचे?

दोस्तांनो, थंडी पडली की आपल्या भुसावळच्या बाजारात भरिताची वांगी येतात. आई पिशवी पुढे करण्याआधी विचारते, "बामणोदची आहेत ना?" वांग्याचं गाव विचारायची आपल्याला सवयच आहे. पण हजारो रुपये मोजून गिटार घेताना ती कुठे बनली, हे कितीजण विचारतात? गिटारच्या माथ्यावरचं झोकदार नाव वाचलं, की आपण खूश!

गंमत अशी, की ते नाव एका देशातलं आणि कारखाना दुसऱ्याच देशातला, असं पुष्कळदा असतं.

नाव इथलं, कारखाना तिथला

लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फेंडर कंपनी काढली. तिच्या महागड्या गिटार आजही कॅलिफोर्नियातच बनतात. पण १९८७ पासून कंपनीचा एक कारखाना सीमेपलीकडे, मेक्सिकोतही आहे. तिच्याच 'स्क्वायर' या स्वस्त नावाच्या गिटार इंडोनेशिया आणि चीनमधून येतात. कोरियाची कोर्टेक ही कंपनी तर इंडोनेशियातल्या आपल्या कारखान्यात कितीतरी नामांकित कंपन्यांच्या गिटार बनवून देते, आणि 'कोर्ट' या स्वतःच्या नावानंही विकते!

असं का करतात? जिथे मजुरी कमी, तिथे गिटार स्वस्तात तयार होते. म्हणून तर आपल्यासारख्या घरांना ती परवडते.

मग बाहेर बनलेला माल हलका असतो का? तसं काही नाही. १९८२ मध्ये फेंडरनं जपानमध्ये गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली. त्या काळातल्या जपानी गिटार आज शौकीन लोक शोधून शोधून विकत घेतात. लाकूड कसं वापरलं, खुंट्या कशा बसवल्या, पट्ट्या घासायला कारागिराला किती वेळ दिला, यावर गिटारचा दर्जा ठरतो. नुसत्या देशावर नाही.

मिरजेची उलटी गोष्ट

आता भुसावळला गोवा एक्सप्रेसमध्ये बसा आणि थेट मिरजेला उतरा. हे सतार आणि तंबोऱ्यांचं गाव. इथले शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावायचे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठाले भोपळे आणि कर्नाटकातलं लाकूड आणून ही वाद्यं हातानं घडवतात. तंबोऱ्याची घोडी कानानं ऐकत ऐकत घासून 'जवारी' लावतात. मग तार छेडली की सूर कसा घुमत राहतो!

पण मिरजेचं नाव मोठं झालं आणि एक पंचाईत झाली. दुसरीकडे बनलेली वाद्यंही 'मिरजेची' म्हणून विकली जाऊ लागली. गिटारच्या कंपनीनं आपलं नाव स्वतःहून दुसऱ्याच्या कामाला दिलं होतं. इथे मात्र दुसऱ्यांनी मिरजेचं नाव न विचारताच उचललं! शेवटी २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळालं, तेच हे मानांकन. आता मिरजेचं नाव मिरजेच्याच वाद्यांना.

मग आपण विचारायचं का?

जरूर विचारायचं! दुसऱ्याकडून वस्तू बनवून घेणं ही काही लबाडी नाही. कुठे बनली ते लपवणं, किंवा खोटं गाव सांगणं, ही लबाडी.

आणखी एक कारण आहे. वस्तूमागे माणसं असतात. २००७ मध्ये कोर्टच्या कोरियातल्या कारखान्यांमधल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. गिटारचं काम परदेशी सुरूच राहिलं. ते कामगार न्यायासाठी भांडत राहिले आणि तडजोड झाली थेट २०१९ मध्ये! स्वस्त गिटारची किंमत कधी कधी अशी दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते. मिरजेचंही तेच. कारागिराला नाव आणि दाम मिळाला नाही, तर त्याची मुलं हे काम कशाला शिकतील?

दुकानात जाताना

* गिटारच्या माथ्याची मागची बाजू पाहा. आवाजाच्या भोकातून आत डोकावा. देशाचं नाव बहुतेक तिथेच सापडतं.
* दांडीच्या कडेवरून बोट फिरवा. पट्ट्यांची टोकं बोचली, तर काम घाईत उरकलंय.
* प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवा. कुठे खरखर येते का, ऐका.
* मोकळी तार वाजवा, मग बाराव्या पट्टीवर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू यायला हवा.
* वाजवता येत नसेल, तर शिकवणाऱ्या सरांना किंवा ताईंना सोबत न्या.

आणि आज एक करा. घरातली बॅट, घड्याळ, शिलाई मशीन, पेटी उलटसुलट करून बघा. पुढे कुणाचं नाव आहे आणि बनवलंय कुठे, ते वहीत लिहा. आईबाबांनाही दाखवा. यादी वाचून तेही चकित होतील!