अंगणवाडी कशी सुरू झाली?

माझी धाकटी बहीण चार वर्षांची आहे. ती आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत जाते. आजी म्हणते, "तिथं काय शिकवतात? खिचडी खातात नि खेळतात." मलाही तसेच वाटायचे. मग गुरुजींनी आम्हांला अंगणवाडीचा इतिहास सांगितला. तो मी इथे लिहीत आहे.

पूर्वी लोकांना वाटे, लहान मुलाला काय कळते? सहा वर्षांचे झाले की शाळेत घालू. पण जर्मनी देशात फ्रोबेल नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८३७ साली अगदी लहान मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिला 'मुलांची बाग' असे नाव दिले. रोप बागेत वाढते, तसे मूल खेळातून वाढते, असे ते म्हणत. नंतर इटलीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी गुजरातेत भावनगरला १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या.

पण ही बालमंदिरे शहरात होती. तिथली साधने महाग होती. मग खेड्यातल्या मुलांनी काय करायचे? म्हणून ताराबाई १९४५ साली बोर्डी गावात आल्या. अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. अनुताई लहानपणीच विधवा झाल्या होत्या, तरी शिकून शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची मुले येईनात. तेव्हा या बायांनी काय केले? मुले येत नाहीत, तर आपणच जाऊ! त्या पाड्यावर गेल्या आणि अंगणातच मुलांना गोळा केले. अंगणात भरते ती अंगणवाडी. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी नि खेळ. महाग साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने घेतली. बिया मोजता मोजता मुले आकडे शिकली.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मोठ्या मुली भावंडांना कडेवर घेऊन फिरत, म्हणून त्यांची शाळा बुडे. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी ठेवली. लहान मूल खेळायला बसले, की ताई मोकळी होऊन वर्गात जाई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत.

ताराबाई १९७३ साली वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि देशभर अंगणवाड्या निघाल्या. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते आणि आपले जव्हार-मोखाडा पालघर जिल्ह्यात आहेत. म्हणजे अंगणवाडी आपल्याच भागातली आहे!

हे ऐकून मला आईची आठवण झाली. आई दुसरीत होती, तेव्हा मामा लहान होता. त्याला सांभाळायला तिला घरी ठेवले. तिच्या पाड्यावर अंगणवाडी नव्हती. तिची शाळा सुटली ती सुटलीच. आई सही करते, पण एसटीची पाटी तिला वाचता येत नाही. मी चौथीत आहे, कारण माझी बहीण अंगणवाडीत असते. एका अंगणवाडीमुळे दोन मुली शिकतात.

दिवाळीनंतर आईबाबा वीटभट्टीवर जातात. मी आजीजवळ राहते. मागच्या वर्षी बहीण त्यांच्याबरोबर गेली. परत आली तेव्हा सगळी गाणी विसरली होती. बाबा, या वर्षी तिला आमच्याजवळच ठेवा. सकाळी मी तिला अंगणवाडीत सोडीन, मग शाळेत जाईन.

पालकांनो, तुमच्या लहान मुलांनाही अंगणवाडीत पाठवा.

बाबा हे स्वतः वाचतील. आईला मी वाचून दाखवणार आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी