बीटा-कॅटेनिनचा जोडीदार

त्वचेच्या पेशीत कोणते जनुक केव्हा चालू होते, यावर इतके लिहिले गेले आहे की सगळ्याचा परामर्श घ्यायचा तर हा अंक पुरायचा नाही. पी६३ची हकिकत वाचकांना ठाऊक आहे: १९९९मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर जन्मले, ते अंगावर धड त्वचाच नसलेले. एपी-१ आणि एनएफ-कॅपा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांवर दरवर्षी ढीगभर निबंध येतात. त्यांत नवे थोडे, म्हणून पुढे जातो.

माझे मन रमले ते बीटा-कॅटेनिन या प्रथिनामध्ये. पेशीच्या कडेला ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून ते शेजारणीशी बांधणी पक्की ठेवते. मोकळे सापडले की पेशी त्याचा लगेच निकाल लावते. विंट या संकेत-प्रथिनाचा संदेश आला, की ही मोडतोड थांबते. मग ते केंद्रकात शिरून डीएनएवर बसलेल्या लेफ-१ या प्रथिनाला मिळते. एकट्या लेफ-१च्याने जनुक चालू होत नाही आणि एकट्या बीटा-कॅटेनिनला डीएनए धरता येत नाही. लेफ-१ नसलेल्या उंदरांना मिशा येत नाहीत, हे १९९४मध्येच दिसले होते. १९९८मध्ये एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने सहजी न मोडणारे बीटा-कॅटेनिन उंदराच्या त्वचेत घातले, तर जन्मानंतर जिथे फुटू नयेत तिथे केसांची नवी मुळे फुटली. पुढे गाठीही आल्या. वर्षभरात त्याच प्रयोगशाळेने असे उंदीर तयार केले, की ही जोडी जिथे कामाला लागेल तिथे निळा रंग उमटावा. काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा: केसाच्या मुळात, जिथून पेशी केस व्हायला निघतात, तिथला पट्टा निळा आणि शेजारच्या पेशी कोऱ्या! यापेक्षा बोलका पुरावा मी पाहिलेला नाही.

आपल्याकडे भारतातही हे काम झाले, याचा मला अभिमान आहे. खारघरच्या कर्करोग-संशोधन संस्थेत, अ‍ॅक्ट्रेकमध्ये संजीव वाघमारे यांच्या गटाने २०२०मध्ये दाखवले, की विंटला आवर घालणारे एसएफआरपी-१ हे प्रथिन नसले तर उंदराच्या त्वचेत गाठी लवकर उठतात.

काही मंडळी म्हणतात, एकेका पेशीतला आरएनए मोजला की सगळे कळते. प्रथिनांच्या जोड्या शोधणे हा जुना उद्योग. मला हे साफ अमान्य आहे. बीटा-कॅटेनिन किती उरणार हे मुख्यतः त्याच्या मोडण्यावर ठरते. मग त्याचा आरएनए मोजून जोडी जमली की नाही, हे कळणार कसे?

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये आयकॉस ही औषध कंपनी होती. २००७मध्ये एली लिलीने ती घेतली. त्वचेसाठी पेप्टाइड बनवणारी हेलिक्स बायोमेडिक्सही इथलीच. अशा गावातही आता तरुण आरएनए मोजायला नमुने बाहेर धाडतात आणि परत येतात त्या फायली. प्रथिनांची जोडी शोधायला प्रतिपिंड लावलेल्या मण्यांवर पेशींचा अर्क थंडीत रात्रभर फिरवायचा, मणी पुन्हापुन्हा धुवायचे आणि जोडीदाराची पट्टी उमटते का ते पाहायचे, हे हात आता दुर्मीळ झाले. जीवशास्त्र शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींनी हे काम मागून घ्यावे. दोन प्रथिने, थेट किंवा तिसऱ्यामार्फत, एकत्र आहेत याचा पुरावा त्यातून मिळतो.