मनोरुग्ण-परिचर्येचे शिक्षण

मनोरुग्णांच्या शुश्रूषेला दणकट शरीर आणि करडा आवाज लागतो, हा समज आपल्याकडे अद्याप पुरता ओसरलेला नाही. भारतात या शाखेला बारावीनंतर थेट प्रवेश नसून, तीन वर्षांची जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी मिळवून राज्य परिषदेकडे नोंदणी केल्यावर मानसोपचार परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते आणि पदवीधरांना पुढे याच विषयात दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. मूळ अभ्यासक्रमातही हा विषय सक्तीचा असल्याने येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत विद्यार्थी काही आठवडे काम करतात. तेवढ्या काळात भीती जाते, कसब मात्र येत नाही.

या कसबाचा गाभा संवादात आहे. हिल्डगार्ड पेप्लॉ या अमेरिकन परिचारिकेने 1952 मध्ये परिचारिका व रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन होय, असे मांडले. तेव्हापासून रूढ होत गेलेल्या पद्धतीनुसार विद्यार्थी रुग्णाशी झालेले बोलणे शक्य तितके शब्दशः लिहितो आणि शेजारच्या रकान्यांत हावभाव, स्वतःच्या मनातील प्रतिक्रिया व तिचे विश्लेषण नोंदवतो. ‘भिंतीपलीकडून शिव्या ऐकू येतात’ असे सांगणाऱ्या रुग्णाशी वाद न घालता, पण होकारही न देता, ‘मला तो आवाज येत नाही, तुम्हाला मात्र त्याचा त्रास होतो आहे’ एवढेच म्हणणे ऐकायला सोपे वाटते. ते ऐन वेळी तोंडून निघण्यासाठी असे अनेक कागद भरावे लागतात.

याखेरीज गोळी गालात दडवली जात नाही ना हे पाहणे, लिथियम घेणाऱ्याच्या हातांची वाढती थरथर वा उलट्या-जुलाब वेळीच डॉक्टरांच्या कानावर घालणे, आणि नैराश्य उतरू लागताना, अंगात थोडी शक्ती आल्यामुळेच, आत्महत्येचा धोका वाढू शकतो हे ओळखून पहारा सैल न करणे, हेही शिकावे लागते.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांवर व एकांतकोठडीवर बंदी घातली असून केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला बांधून ठेवता येत नाही. मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येत मानसिक आरोग्य परिचारिका म्हणून सर्वसाधारण नर्सिंगची नोंदणीकृत पदविकाही पुरेशी ठरते. ही सवलत मनुष्यबळाच्या टंचाईमुळे समजण्यासारखी असली, तरी कायद्याने वाढवलेल्या जबाबदारीला ती पात्रता अपुरी आहे.